सोललेला किस्सा

“पुलाचा रौप्यमहोत्सव?” मुजुमदार सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. “माणसांचे ऐकले, संस्थांचे ऐकले. पुलाचा पहिल्यांदाच ऐकतोय.”

“आमचं गाव आहे सर. मांडव घालायला त्यांना निमित्त पुरतं.”

“आणि तू बोलणार?”

“सरपंचांचं पत्र आलंय. गावची लेक म्हणून चार शब्द बोला, म्हणतात. त्याच मांडवात केरूतात्यांचा सत्कार आहे.”

सरांनी चष्मा परत नाकावर घेतला. “केरू म्हणजे आपला नावाडी?”

“आपला नाही सर. माझा,” मी म्हटलं, आणि माझा आवाज थोडा चढलाच.

या ‘आपला’ आणि ‘माझा’मधला फरक कळायला आमचा धंदा आधी कळायला हवा. कऱ्हाडात एका छापखान्याच्या माडीवर ‘भाषणशिदोरी’चं कार्यालय होतं. आता ते बंद होऊनही बरीच वर्षं झाली. भाषण करण्याचा प्रसंग ज्यांच्यावर वारंवार येतो, पण डोक्यात ऐन वेळी काही येत नाही, अशा सज्जनांसाठी ही सेवा होती. कारखान्याचे संचालक, मुख्याध्यापक, सरपंच, पतपेढ्यांचे अध्यक्ष, सगळे आमचे वर्गणीदार. दर महिन्याला त्यांच्या घरी एक पुस्तिका जायची. तिच्यात सुविचार, दृष्टान्त आणि किस्से, प्रसंगाप्रमाणे लावलेले: उद्घाटन, सत्कार, निरोप, शोकसभा. कुणी अचानक वारलं तर तारही यायची, ‘सासरे गेले, उद्या दहा वाजता बोलणे, दोन किस्से पाठवा’. आम्ही पाठवत असू.

किस्से आम्ही वर्तमानपत्रांतून काढायचो, गौरवग्रंथांतून काढायचो, जुन्या माणसांच्या तोंडून ऐकायचो. मग ते सोलायचे. ‘सोलणं’ हा सरांचा शब्द. गाव काढायचं, नाव काढायचं, जात, साल, नदीचं नाव सगळं काढायचं आणि त्या जागी टिंबं द्यायची. “सोललेला किस्सा कुणाच्याही घशाखाली उतरतो,” सर म्हणायचे. त्या कामात माझा हात चांगला बसला होता.

प्रत्येक पुस्तिकेबरोबर एक छापील पोस्टकार्ड जायचं. त्यावर चार चौकोन असत: टाळ्या, हशा, डोळ्यांत पाणी, काही नाही. वर्गणीदारानं भाषणानंतर खूण करून ते परत पाठवायचं. ‘काही नाही’वर खूण आली की सर त्या दिवशी धड जेवत नसत. शिवाय भिंतीवर सातारा-सांगलीचा मोठा नकाशा होता आणि त्यात प्रत्येक वर्गणीदाराच्या गावाला एक टाचणी. एका तालुक्यात गेलेला किस्सा पुन्हा त्या तालुक्यात लवकर जाऊ द्यायचा नाही, यासाठी ही सगळी उस्तवार. एकाच मांडवात दोन पुढाऱ्यांनी एकच किस्सा सांगितला तर आमचं दुकान बसलंच म्हणून समजा.

नोकरीसाठी मी पहिल्यांदा त्या माडीवर गेले तेव्हा सरांनी माझी प्रमाणपत्रं पाहिलीच नाहीत. म्हणाले, “एक किस्सा सांगा. वाचलेला नको.” मी केरूतात्यांचा सांगितला. आमचं वाघोशी कृष्णेच्या अलीकडे आणि हायस्कूल पलीकडे, बोरगावात. सातवीनंतर गावातली एकही मुलगी पुढे शिकायला गेली नव्हती, कारण पलीकडे जायला नाव आणि एकट्या मुलीसाठी नाव कोण सोडणार? केरू भोई यांनी सोडली. रोज सकाळी एकट्या माझ्यासाठी नाव पलीकडे न्यायची, संध्याकाळी पुन्हा आणायला यायचं. पुढे पूल झाला आणि ज्या नावेवर त्यांचं पोट होतं ती नावच गेली.

सरांनी तो किस्सा स्वतः सोलला. शेवट मात्र त्यांना अपुरा वाटला. म्हणून पुलाच्या उद्घाटनाला नावाडी त्या मुलीचा हात धरून हसत हसत पुलावरून चालत गेला, असं त्यांनी जोडलं. मला त्या वयात त्याचं काही वाटलं नाही, उलट छापून आलेलं पाहून हरखूनच गेले. ‘नावाडी’ आमचा सगळ्यांत चालणारा किस्सा झाला. उद्घाटनाला चाले, शिक्षकदिनाला चाले, शोकसभेत तर विचारायलाच नको. पोस्टकार्डं यायची आणि खूण हमखास ‘डोळ्यांत पाणी’वर.

आणि केरूतात्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पूल झाल्यावर घराघरातून मिळणारं वर्षाचं धान्य बंद झालं, मग त्यांनी दुसऱ्याच्या मळ्यावर राखण केली, वाळू उपसली. आता सुनेच्या, सगुणाच्या, जिवावर ओसरीत बसून असायचे. दोन जिल्ह्यांतली माणसं त्यांच्यासाठी डोळे पुसत होती आणि त्यांना आयुष्यात कुणी उभं राहून ‘तात्या, तुम्ही हे केलंत’ एवढं म्हटलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही. गावी गेले की पाया पडायचे, साखरेचा पुडा द्यायचे आणि निघायचे. ते थकत चालले होते. त्यांच्या कानावर ते एकदा घालायचं, त्यांच्या नावानिशी, गावासमोर, एवढंच मला त्या दिवशी हवं होतं. बाकी पुलाचा महोत्सव झाला काय नि न झाला काय.

“घाबरू नकोस,” सर नकाशाकडे बोट करून म्हणाले. “तुमच्या तालुक्यात ‘नावाडी’ मी कधी पाठवलेलाच नाही. ज्याचा किस्सा त्याच्याच वेशीवर सोललेला ऐकू यावा, हे बरं नव्हे. तिथे तो अगदी कोरा आहे. सांग खुशाल.” आणि थोडं थांबून म्हणाले, “मीही येतो. त्या माणसाला बघायचंय मला.”

मांडव पुलाच्या तोंडाशीच घातला होता. कठड्याला आंब्याची डहाळी बांधली होती आणि पुलाच्या पहिल्या खांबाला चक्क हळदकुंकू लावून हार घातला होता. केरूतात्यांना व्यासपीठावर माझ्याशेजारी बसवलं होतं. धुवट धोतर, नवं मुंडासं. खुर्चीवर बसायची सवय नसल्यामुळे ते एक पाय वर घ्यायचे आणि खाली बसलेल्या सगुणानं डोळे वटारले की पुन्हा खाली सोडायचे.

“कुंदे,” ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “ह्यो पुलाचा वाढदिवस न्हवं?”

“व्हय तात्या.”

“मग मला कशाला बलावलंय? मी तर त्याचा सावत्र भाऊ.”

मी हसले. मांडीवर माझं भाषण घडी करून ठेवलं होतं. त्यात सगळी टिंबं मी भरून काढली होती. वाघोशी, कृष्णा, केरू भोई.

ठरलेले पाहुणे आजारी पडले म्हणून सरपंचांनी आयत्या वेळी दुसरे गाठून आणले होते. पांढरी मोटार येऊन थांबली आणि तीतून अप्पासाहेब नेर्लेकर उतरले. पलीकडच्या जिल्ह्यातल्या कारखान्याचे संचालक आणि भाषणशिदोरीचे पहिल्या वर्षापासूनचे वर्गणीदार. पहिल्या रांगेत बसलेले सर अर्धवट उठले आणि परत बसले. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला भिंतीवरचा नकाशा आठवला. अप्पासाहेबांची टाचणी नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. आम्ही टाचण्या लावल्या त्या माणसांच्या घरांना. माणसं बोलायला परगावी जातात, ही साधी गोष्ट इतक्या वर्षांत आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नव्हती.

अप्पासाहेबांनी पुलाचं कौतुक केलं, सिमेंटचं केलं, शासनाचं केलं. मग पाणी प्यायले, आवाज उतरवला आणि म्हणाले, “मित्रहो, एका गावात एक गरीब नावाडी होता.”

मी घडी केलेला कागद मुठीत धरला. दुसरं काय करणार? खाली सरांनी डोळे मिटून घेतले होते.

अप्पासाहेब चांगलं सांगत होते, हेही कबूल करायला हवं. एकटी मुलगी, भरलेली नदी, नावाड्याचं मोठं मन. बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. वर्षानुवर्षं सांगून सांगून त्यांनी किस्सा आणखी वाढवलाही होता. पूल झाल्यावर नावाड्यानं आपल्या हातांनी नाव मोडली, फळ्यांचे बाक करून शाळेला दिले आणि मग मुलीचा हात धरून हसत पुलावरून गेला. “मित्रहो,” अप्पासाहेब हात पसरून म्हणाले, “असे नावाडी आज कुठे राहिलेत?”

नावाडी त्यांच्या हाताच्या अंतरावर बसला होता. टाळ्या वाजल्या, त्यानंही वाजवल्या. मग मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वाकला.

“कोण गं त्यो? देवमाणूसच म्हणायचा.”

“तात्या,” मी हळूच म्हटलं, “त्यो तुमीच.”

“च्या! खुळी का काय तू? मी कवा बाक दिलं? माजी नाव तर वाळवीनं खाल्ली, ऱ्हायली ती सगुणानं चुलीत घातली.”

“बाकांचं सोडा. ती पोरगी म्हंजे मी.”

“आन् हसत कवा गेलतो मी पुलावरनं? न्हाई बाई. कुणाचं तरी पुन्य माज्या पदरात घालू नगंस.” त्यांनी कानाला हात लावला. “असलं आपल्याच्यानं हुईत न्हाई. लई मोठं मन लागतं त्याला.”

माझ्या नावाचा पुकारा झाला तेव्हा माझ्या हातात एक शिळा किस्सा होता, आणि ज्याच्यासाठी तो आणला होता त्यानं तो परत केला होता. तोच पुन्हा सांगावा तर अप्पासाहेबांची शोभा आणि सरांच्या धंद्याची राख. न सांगावा तर तात्या शाल-नारळ घेऊन, दुसऱ्याच कुणाला तरी देवमाणूस म्हणत घरी जाणार. मी कागद टेबलावर तसाच ठेवला. इतकी वर्षं हजारोंची भाषणं तयार करून दिली, पण कागदाशिवाय मी स्वतः कधी उभी राहिले नव्हते.

“अप्पासाहेबांच्या गोष्टीतला नावाडी फार थोर होता,” मी म्हटलं. “आमच्या वाघोशीलाही एक नावाडी होता. तो मात्र तसा नव्हता. त्याच्या नावेत बसलं की आधी शिव्या खायला लागायच्या.”

मांडवात खसखस पिकली. मागून तात्या म्हणाले, “खोटं! उशीर झाल्यावर. आदी न्हाई.”

“बरं, उशीर झाल्यावर. मला रोज उशीर व्हायचा. माझी आई रोज त्यांच्यासाठी भाकरी बांधून द्यायची.”

“भाकरी कुठली? कोरड्यास, तोंडी लावायला. भाकरी माजी मी आणायचो.” तात्या आता खुर्चीत पुढे सरकले होते. “आन् वांगं असलं की हीच खायची. मला वांगं चालत न्हाई, हिला ठावं हुतं.”

लोक खो-खो हसले. अप्पासाहेबही हसत होते. मला जरा धीर आला.

“नाव निघाली की मला धडा वाचायला लागायचा. मोठ्यानं. इंग्रजी असो, संस्कृत असो, तात्यांना काही फरक पडायचा नाही. मी अडखळले की त्यांचं वल्हं थांबायचं. नाव मधल्या धारेत गोल गोल फिरायची, मला भीती वाटायची, मी रडायची. तात्या म्हणायचे–”

मला पुढे बोलायची गरजच पडली नाही. “तू थांबलीस की मी थांबनार,” तात्या मागून म्हणाले. “मला पलीकडं काय काम न्हाई, काम तुजं हाय.”

हसणं कमी झालं.

“मग पूल झाला. नावाडी हसत पुलावरून गेला नाही. त्यानं सगळा हिवाळा पुलाला शिव्या दिल्या.”

“आजून बी देतो,” तात्या म्हणाले, आणि सरपंचांनी कपाळावर हात मारला.

“गाव पुलावरून जायला लागलं. मी मात्र नावेनंच जायचे. उन्हाळा लागला, पाणी उतरलं, नाव वाळूत अडकायची, तरी मी नावेनंच. मग माझी मॅट्रिकची परीक्षा आली. पहिल्या पेपरच्या सकाळी मी घाटावर गेले, तर तात्या मला नावेत चढू देईनात. नावेच्या तोंडाशी वल्हं आडवं धरून उभे. म्हणाले, पूल हाय न्हवं? सरकारनं काय कावळ्यास्नी बसायला बांधलाय? जा वरनं. आज अडकलीस तर जल्माची अडकशील. मी खूप विनवलं. त्यांनी ऐकलं नाही.”

या वेळी मागून काहीच आलं नाही. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

“मी पुलावरून गेले. तात्या नाव फिरवून, पुलाकडे पाठ करून बसले होते. मुंडासं सुटून खांद्यावर आलं होतं आणि ते बांधतही नव्हते. त्यानंतर मी त्या नावेत कधी बसले नाही. मी शिकायला कऱ्हाडला गेले, नाव घाटावरच राहिली. संध्याकाळी आणायला आल्यावर तात्या रोज विचारायचे, काय झालं साळंत? त्या दिवशी विचारायला ते नव्हते, म्हणून माझं सांगायचं राहून गेलं.” मी तेव्हा वळले आणि त्यांच्याकडे बघून म्हटलं, “तात्या, पेपर चांगला गेला होता.”

टाळ्या पडल्या नाहीत. हशाही नाही. तात्या दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच मान हलवली, रोज संध्याकाळी नावेत हलवायचे तशी. त्यांना सगळं ओळखीचं वाटलं होतं, हे मला कळलं. मी खाली बसले.

सत्कार झाला. अप्पासाहेबांनी तात्यांच्या अंगावर शाल घातली आणि काय वाटलं कोण जाणे, वाकून त्यांच्या पायाला हात लावला. कार्यक्रम आटोपल्यावर सर माझ्यापाशी आले. एवढ्या उन्हात त्यांनी कोट घातला होता आणि घामानं ते निथळत होते.

“कुंदा, याचं पोस्टकार्ड पाठवायचं म्हटलं तर खूण कुठल्या चौकोनावर करायची गं?” असं म्हणून त्यांनी चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसला. “हा किस्सा सोलू नकोस. आणि तो पहिलाही उद्यापासून बंद.”

“वर्गणीदार ओरडतील सर.”

“ओरडू देत. ओरडायलासुद्धा आपल्यालाच किस्सा मागतील,” ते म्हणाले आणि अप्पासाहेबांच्या मोटारीकडे गेले.

मी तात्यांना घरी पोचवायला निघाले. सगुणा नारळ घेऊन पुढे चालत होती. पुलाच्या तोंडाशी, जिथून खाली घाटाकडे वाट उतरते, तिथे तात्या थांबले. खाली घाटाच्या पायऱ्यांवर कुणीतरी धुणं धूत होतं. नावेची जागा कोरडी पडली होती.

“कुंदे, एक इचारू?”

“इचारा की.”

“मी पाठ करून बसलोवतो, त्ये तुला कुनी सांगितलं?”

“कुनी कशाला सांगंल? मीच बघितलं.”

“कवा?”

“पुलावरनं जाताना. मागं वळून.”

तात्यांच्या खांद्यावरून शाल घसरली, ती मी सावरली.

“वळलीवतीस तू?”

“तर! सारखी वळत हुते. पूल सरंस्तवर. तुमी बघाल म्हनून.”

“मी म्हनलं, पोरगी सरळ निगून गेली,” ते म्हणाले. “बरंच झालं, असंच पायजे, असं मी मनाला समजावलंवतं. येवढी वर्सं तेच धरून हुतो बग.” मग ते पुलाकडे वळले, पार पलीकडच्या टोकापर्यंत त्यांनी नजर नेली आणि परत आणली.

“आगं, मग मी बी वळाया पायजे हुतं की गं.”